हा मायनिंगातला, ही बंदीतली

"हो मायनिंगांतलो, ही बंदांतली."

टेबलापलीकडे बसलेल्या आईने आपल्या दोन मुलांची ओळख मला अशी करून दिली. जुलै २०१७, बाहेर धो धो पाऊस. थोरल्याला सहा वर्षं पुरी व्हायला महिना बाकी होता. तो माझ्या वजनकाट्याखाली हात घालून स्क्रू फिरवण्यात गुंतला होता. धाकटी पावणेतीन वर्षांची, आईच्या मांडीवरून त्याला कोकणीत दटावत होती. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या गोव्याच्या खाणपट्ट्यात काळ मोजायची ही रीत मुरलेली आहे: २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणींवर बंदी आली, त्याआधीचं ते मायनिंगातलं, नंतरचं ते बंदीतलं. लग्न मायनिंग चालू असताना झालं, घराची स्लॅब बंदीच्या आधी पडली, सासरे मायनिंग पुन्हा सुरू झालं त्या वर्षी गेले. पण पोटच्या मुलांची अशी वाटणी मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या वाक्यात तिचा प्रश्न होता: थोरला मागे पडतो तो पोटात असताना चाललेल्या मायनिंगमुळे का? आणि अर्धं उत्तर ती घरूनच ठरवून आली होती.

मी बालविकास मानसशास्त्राचं काम करते. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि काही तपशील बदलले आहेत. मुलांना घरात बाबू आणि बाय म्हणतात. निम्म्या गोव्यातल्या घरांत तेच म्हणतात, तेव्हा इथेही तेच.

तक्रार

तक्रार शाळेतून आली होती. मराठी प्राथमिक शाळेत पहिलीत नुकताच बसलेला बाबू जागेवर टिकत नाही. फळ्यावरचं गणित अर्धं उतरवतो आणि तिथेच सोडून देतो. "दप्तर कोपऱ्यात ठेव आणि पाटी घेऊन ये" म्हटलं की दप्तर ठेवतो आणि कोपऱ्यातच उभा राहतो. बाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं: 'मुलगा व्रात्य नाही. विसरतो.' पुढे केलेल्या सगळ्या चाचण्यांनी मला जे सांगितलं, ते या चार शब्दांहून फार वेगळं नव्हतं.

बोलायला तो उशिरा लागला होता. सुटे शब्द दीड वर्षानंतर, धड वाक्य तीन वर्षं उलटल्यावर. तेव्हा कुणीतरी सल्ला दिला, घरातली कोकणी बंद करा, शाळेची भाषा बोला, गोंधळ होतो मुलाचा. घरच्यांनी तो वर्षभर पाळलाही. या सल्ल्याने गोव्यात किती आज्या नातवंडांशी मुक्या झाल्या असतील कोण जाणे. दोन भाषा कानावर पडल्याने वाचा मागे पडत नाही. पहिल्याच भेटीत कोकणी परत सुरू करायला सांगितली. आजी त्या दिवसापासून माझ्या बाजूची झाली.

आधी नेहमीचे संशयित तपासले. डोळे ठीक. थायरॉइड ठीक. रक्तातलं शिसं चिंता करण्याजोगं नाही. एका कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं होतं, त्यामुळे त्या बाजूने थोडं कमी ऐकू येत होतं. हिमोग्लोबिन १०.२, म्हणजे रक्त कमी. बिने-कामत चाचणीत बुद्ध्यंक नव्वदीच्या जरा खाली आला. सर्वसामान्य, पण खालच्या कडेला. ऑटिझमची लक्षणं नाहीत. खरी खोट दिसली ती आकडे उलटे म्हणण्यात. मी "४, ७" म्हटलं की तो "७, ४" म्हणायचा. तीन आकडे झाले की डोकं हलवायचा. ऐकलेलं क्षणभर डोक्यात धरून ठेवायचं आणि तेवढ्यात त्याच्यावर काहीतरी करायचं, याला कार्यरत स्मृती म्हणतात. ती आणि अवधान, दोन्ही वयाच्या मानाने कमजोर होती. बाईंच्या भाषेत, विसरतो.

नऊ महिने, ऋतूंच्या हिशेबाने

आता आईचा प्रश्न. तो उडवून लावणं सोपं होतं आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी जवळजवळ तसंच केलं. मग तिने बाबूच्या वेळच्या गरोदरपणाचं कार्ड पिशवीतून काढून समोर ठेवलं, आणि आम्ही दोघी कॅलेंडर घेऊन बसलो.

बाबू पोटात राहिला नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस. गोव्यातल्या खनिज व्यवसायाच्या इतिहासातला तो कळस होता. २०१०-११ मध्ये इथल्या बंदरांतून, कर्नाटकातून आलेला माल धरून, ५ कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. हा सगळा माल दहा टनांच्या ट्रकांनी नेला असं धरलं तर पन्नास लाखांवर ट्रिपा होतात. खाणीपासून मांडवी-झुआरीच्या काठावरच्या जेटींपर्यंत ट्रक, तिथून बार्ज, पुढे मुरगाव बंदरात बोट. हे सगळं पाऊस संपला की सुरू व्हायचं आणि मे अखेरपर्यंत चालायचं.

घर रस्त्यापासून तीस पावलांवर. नवऱ्याचा स्वतःचा ट्रक, बँकेच्या हप्त्यावर घेतलेला. आणि तिचा स्वतःचा गाडा होता, चहा, भजी, पाव-भाजीचा. तो कुठे? काट्याच्या अलीकडे, म्हणजे भरलेले ट्रक वजनासाठी रांग लावतात तिथे. गिऱ्हाईक तिथेच असायचं. पहाटे साडेपाच ते दुपारी दोन ती त्या रांगेच्या कडेला रॉकेलच्या स्टोव्हपाशी उभी असायची. ट्रकवाले इंजिन बंद करत नसत, कारण रांग दर दोन मिनिटांनी एक ट्रक पुढे सरकायची. सातवा महिना लागेपर्यंत तिने गाडा चालवला.

धुळीबद्दल ती भरभरून बोलली. कुळागरातल्या पोफळीची पानं लाल, दोरीवरचे पांढरे शर्ट लाल, वरणावर झाकण ठेवायचं विसरलं की वरण लाल. टँकरने रस्त्यावर पाणी मारलं की तासभर बरं, मग पुन्हा तेच. डिझेलच्या धुराबद्दल मी विचारलं तेव्हा मात्र तिला आठवावं लागलं. "धूर होता, पण तो दिसायचा कुठे?"

या प्रकरणाची एक गाठ इथे आहे. आपल्याकडचा सगळा राग लाल धुळीवर असतो, कारण ती डोळ्यांना दिसते. रस्त्यावर चाकांखाली भरडली जाणारी खनिजाची धूळ बहुतांशी जाड कणांची असते. ती नाकात, घशात, श्वासनलिकेत अडकते. दमा, खोकला, डोळ्यांची आग यांना ती पुरेशी आहे, तिला निर्दोष सोडायचं कारण नाही. पण पोटातल्या मुलाच्या मेंदूचा विषय निघाला की पुरावा बोट दाखवतो ते बारीक कणांकडे. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याचे. हे पीएम २.५ जळण्यातून येतात: डिझेल, कोळसा, लाकूड, उदबत्ती. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले सर्वांत सूक्ष्म रक्तात उतरतात. काट्यावरची रांग म्हणजे नेमकी त्यांचीच भट्टी होती.

जून उजाडला, ट्रक थांबले. तिला सातवा महिना होता. मी मनात म्हटलं, चला, शेवटची तिमाही तरी सुटली. मग पाणी तापवण्याचा विषय सहज निघाला.

स्वयंपाक गॅसवर, हे पहिल्याच अर्जात लिहिलेलं होतं. गोव्यात दहातल्या नऊहून जास्त घरांत गॅस आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा अभिमानाने मिरवता येतो. पण पाहणी विचारते स्वयंपाकाच्या इंधनाबद्दल. न्हाणीतल्या भाणाबद्दल कुणी विचारत नाही. मागल्या दारी, अर्ध्या भिंतीच्या काळोख्या न्हाणीत, चुलीवर पक्कं बसवलेलं तांब्याचं भाण, आणि त्याखाली पहाटे आणि तिन्हीसांजेला नारळाची सोडणं, माडाची वाळकी चुडतं, करवंट्या. आठ माणसांच्या आंघोळीचं पाणी. पावसाळ्यात ती सोडणं ओली असतात, पेटत नाहीत, नुसती धुमसतात. झड आत येते म्हणून दार लोटलेलं. आणि गाडा बंद झाल्यामुळे घरी बसलेल्या पोटुशी सुनेकडे आलेलं हलकं काम कोणतं? न्हाणीतला जाळ राखणं.

म्हणजे बाबूचे पहिले सहा महिने डिझेलच्या धुरात गेले आणि शेवटचे अडीच ओल्या सोडणांच्या. बाहेरचा धूर थांबला तेव्हा आतला वाढला. आपल्या हवामानाचा हा हिशेब परदेशातल्या शोधनिबंधांत सापडायचा नाही.

बाबू ३७ व्या आठवड्यात जन्मला, वजन २ किलो ३०० ग्रॅम. आईचं हिमोग्लोबिन सहाव्या महिन्यात ८.६. लोखंडाच्या धुळीत उभी राहणारी बाई, आणि अंगात लोह नाही. यावर ती स्वतःच हसली.

कण मेंदूपर्यंत कसा पोचतो

पूर्वी समज असा होता की वार, म्हणजे गर्भाशयातली प्लॅसेंटा, गाळणीसारखी असते आणि वाईट ते अलीकडेच अडवते. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडल्याचं दाखवलं. २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या नमुन्यांत ते गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही आढळले, तेही पहिल्या आणि दुसऱ्या तिमाहीतल्या गर्भांत. कण प्रत्यक्ष पोचले नाहीत तरी नुकसानीला दुसऱ्या वाटा आहेत. आईच्या शरीरात सूज वाढते, वारेतला रक्तपुरवठा आखडतो, बाळ लहान राहतं किंवा आधी येतं. आणि हे घडतं ते मेंदूची मांडामांड चालू असताना. पहिल्या महिन्यात मज्जानलिका मिटते, पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेक चेतापेशी तयार होऊन आपापल्या जागी चालत जातात, मग त्यांची जोडणी आणि वेष्टन सुरू होतं, ते जन्मानंतरही कित्येक वर्षं चालतं.

मुलांवर काय दिसलं? मी आईला तीन शहरांची गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते.

न्यूयॉर्क. फ्रेडरिका परेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून हार्लेम-ब्राँक्स भागातल्या, धूम्रपान न करणाऱ्या गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत दोन दिवस पाठीवर हवा ओढणारी पिशवी वागवायला दिली. मोजले ते पीएएच, म्हणजे जळण अर्धवट झालं की तयार होणारी रसायनं. डिझेलमध्ये ती असतात, सोडणाच्या धुरातही असतात. पाच वर्षांनी २४९ मुलांची चाचणी झाली. जास्त पीएएच वाट्याला आलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा सरासरी ४.३ गुणांनी कमी निघाला. पुढे यातल्याच चाळीस मुलांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूचा पांढरा भाग कमी भरला, आणि ती मुलं विचाराला संथ आणि लक्ष द्यायला कच्ची होती.

पोलंडमधलं क्राकोव, कोळशाच्या शेगड्यांचं शहर. तिथेही पाच वर्षांच्या मुलांत तोच कल दिसला, फरक चारच्या आसपास.

तिसरं शहर ऐकताना ती पुढे सरकून बसली. चीनमधल्या चोंगचिंगजवळचं टोंगलियांग. तिथे कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं आणि ते वर्षभर चालत नसे, डिसेंबर ते मे एवढंच. मे २००४ मध्ये सरकारने ते बंद केलं. संशोधकांनी २००२ मध्ये जन्मलेली मुलं आणि २००५ मध्ये जन्मलेली मुलं ताडून पाहिली. आधीच्या गटात नाळेच्या रक्तातल्या पीएएचच्या खुणा जितक्या जास्त, तितका दोन वर्षांच्या वयातला विकास, विशेषतः हातापायांच्या हालचालींचा, मागे. नंतरच्या गटात हा संबंध दिसेनासा झाला.

"म्हणजे आमचंच की," ती म्हणाली.

आमचंच का नाही

बंदी कशी आली हे गोव्यात सांगायला नको, पण तारखा या प्रकरणात महत्त्वाच्या आहेत. १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननाची वाट मोकळी झाली, पण प्रत्यक्ष काम २०१५ च्या उत्तरार्धात सुरू झालं. बाय पोटात राहिली जानेवारी २०१४ ला, जन्मली ऑक्टोबरमध्ये. ई-लिलावातला जुना माल अधूनमधून जायचा, तेवढेच ट्रक. कागदावर पाहिलं तर एकच आई, एकच घर, एकच रस्ता, आणि मध्ये एक न्यायालयीन आदेश. बाय दीड वर्षाची असताना दोन शब्द जोडून बोलत होती. असा नैसर्गिक प्रयोग संशोधकाला मागून मिळत नाही.

मोह मलाही झाला. म्हणूनच पुढची दोन पानं मी स्वतःच्या विरोधात लिहून काढली.

बाय मुलगी आहे, आणि मुली सरासरीने लवकर बोलतात. ती दुसरी आहे, तिच्याशी बोलायला घरात भाऊ होता. आईने त्या खेपेला लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या आणि हिमोग्लोबिन ११ वर होतं. गर्भातली लोहाची कमतरता स्वतःच अवधान आणि स्मृतीवर परिणाम करते. बाबूच्या बाबतीत धूर आणि रक्तक्षय एकमेकांत इतके गुंतलेत की त्यांना सोडवायला एक मूल पुरत नाही. जन्मवजनाचं तर आणखी विचित्र. कमी वजनामुळे बाबू मागे पडला म्हणावं, तर ते वजन धुरामुळेच कमी भरलं असेल. मग ते वेगळं कारण नव्हे, त्याच वाटेवरचा एक थांबा झाला.

शिवाय बंदी आली म्हणजे फक्त हवा स्वच्छ झाली का? ट्रक अंगणात उभा राहिला, हप्ते थकले. सरकारने ट्रकमालकांसाठी मदतीची योजना काढली, पण ती हप्त्यांना पुरण्यातली नव्हती. सिलिंडर लांबवायला म्हणून डाळ-भात चुलीवर चढू लागला. बाय पोटात असताना स्वयंपाकघरातला धूर बाबूच्या वेळेपेक्षा जास्त होता. हे आईला मी विचारेपर्यंत जाणवलंही नव्हतं. दुसरीकडे बाप दिवसभर घरी. बायच्या पहिल्या वर्षात तिला खांद्यावर घेऊन फिरणारा, गाणी म्हणणारा बाप होता. बाबूच्या वाट्याला तो पहाटे चारला जाणारा आणि रात्री येऊन झोपणारा आला. मुलाच्या भाषेला बाप घरी असण्याचं मोल किती, हे कोणत्या यंत्राने मोजायचं?

आणि स्मरणाचा दोष. ज्या मुलाला अडचण असते त्याच्या नऊ महिन्यांतली आई प्रत्येक शिंक आठवते. चांगल्या चाललेल्या मुलाच्या नऊ महिन्यांचं तिला काही आठवत नाही. २०१० साली त्या काट्यापाशी हवा कुणी मोजली नव्हती. जे आहे ते तिच्या सहा-सात वर्षं जुन्या आठवणीतून उभं केलेलं.

संशोधनातही सगळं एका दिशेला जात नाही. युरोपातल्या सहा देशांच्या नऊ हजारांहून जास्त मुलांवरच्या एका मोठ्या अभ्यासात गर्भकाळातल्या वाहनांच्या प्रदूषणाचा संबंध हालचालींच्या विकासाशी दिसला, पण बुद्धी आणि भाषेशी दिसला नाही. उलट नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये गर्भावस्थेत जास्त बारीक कण वाट्याला आलेल्या मुलांचं मेंदूचं बाह्यपटल काही भागांत पातळ आढळलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये ज्या घरांतली हवा खराब, विशेषतः जिथे शेणी जळतात, तिथल्या बाळांची पाहिलेलं लक्षात ठेवण्याची क्षमता कमी आढळली. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि बाबूच्या फाइलमध्ये मी ते नंतर चिकटवलं. अर्थात ती जन्मानंतरची हवा आहे, आणि बाबूनेही बंदी येईपर्यंतचे पहिले चौदा महिने त्याच रस्त्याची हवा घेतली.

"ट्रक माझाच ना?"

तिसऱ्या भेटीला बाप आला. बराच वेळ काही बोलला नाही. उठताना दारात थांबून त्याने विचारलं, "म्हणजे माझ्याच ट्रकाने झालं हे, असंच ना?"

मी त्याला परत बसवलं आणि गणित मांडलं. चार गुणांचा फरक एका मुलात दिसत नाही. हीच चाचणी बाबूला पुढच्या आठवड्यात दिली तर झोप, भूक, मूड यांनीच चार-पाच गुण इकडचे तिकडे होतील. त्यामुळे बाबूचे चार गुण ट्रकाने नेले असं मी तर नाहीच, जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. पण हजार मुलं घ्या. सरासरी १०० असेल तर ७० च्या खाली साधारण २३ मुलं असतात. सगळ्यांची सरासरी फक्त चारने घसरली की ती ४१ होतात. जवळपास दुप्पट. त्या जादाच्या अठरांपैकी बाबू एक आहे का, ते कळत नाही. अठरा आहेत, एवढं कळतं.

त्याला हे पटलं की नाही माहीत नाही. तो म्हणाला, "रस्त्यावर ट्रक कितीतरी होते. आपला एक."

आजी इतका वेळ गप्प होती. तिने आपलं म्हणणं मांडलं: "आम्ही सगळी धुरातच वाढलो. माझी पाच झाली त्याच न्हाणीच्या चुलीपुढे." मी विचारलं, किती राहिली? आजीने बोटं मोजली, तीन दाखवली आणि विषय बदलला. असं विचारायला नको होतं, हे मला परतताना गाडीत कळलं.

काय केलं

बाबूसाठी जे केलं त्याचा हवेशी काही संबंध नव्हता, आणि हे आईला समजावायला वेळ लागला. कारण काहीही असो, उपाय तेच. कानातल्या पाण्यावर उपचार झाले, लोहाचं औषध तीन महिने. वर्गात पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर. सूचना एका वेळी एकच, आणि ती त्याच्याकडून परत वदवून घ्यायची. घरी दुकानाचा खेळ: आज दोन वस्तू, कागदाशिवाय. आठवड्याने तीन. पहिल्यांदा तो मीठ आणि काडेपेटी आणायला गेला आणि मीठ आणि बिस्किटं घेऊन आला. आजी म्हणाली, विसरला नाही, निवडली त्याने. बाईंनी जे जमेल ते केलं, आणि वर्गात तीस मुलं असताना त्यांनी केलं ते पुष्कळ होतं.

खरं काम निघालं दुसरंच. जानेवारी २०१८ मध्ये मी त्यांच्या घरी गेले तेव्हा धाकटी जाऊ पोटुशी होती, दुसरा महिना सरत आलेला. ट्रक धावत होते. आणि पहाटे न्हाणीतला जाळ राखायला तीच बसत होती, कारण जड काम तिला द्यायचं नाही.

मी हातात मावणारं एक कण मोजायचं यंत्र नेलं होतं. ते काही प्रयोगशाळेचं नव्हे, दमट हवेत ते जरा चढंच सांगतं. तरी अंदाजाला पुरतं. भारताची पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. अंगणात आकडा शंभराच्या आसपास खालीवर होत होता. स्वयंपाकघरात, गॅसपाशी, त्याहून कमी. न्हाणीत पाऊल टाकलं आणि तो ९९९ वर जाऊन थांबला. त्यापुढचे आकडे त्या यंत्राला दाखवताच येत नाहीत.

थोरली, म्हणजे बाबूची आई, त्या आकड्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं रस्त्याला दिलेल्या शिव्या आता कुठे ठेवायच्या, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मी घाईने म्हटलं, रस्ता सुटत नाही यातून. न्हाणीत अर्धा तास, काट्यापाशी आठ तास. पण रस्ता तुमच्या हातात नाही, न्हाणी आहे.

गॅस गीझर बसवू का, असं दिराने विचारलं. बंदिस्त न्हाणीत तो बसवून कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात, त्यामुळे बसवायचाच तर बाहेर. शेवटी खर्च न करता जमलं ते असं: भाण उचलून परसात, पत्र्याच्या मांडवाखाली, चहू बाजूंनी उघडं. सोडणं उन्हाळ्यातच माळ्यावर चढवून कोरडी ठेवायची. जाळ राखायचं काम पुरुषांकडे. यातलं तिसरं सर्वांत अवघड गेलं. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी, कारण एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे मोजले गेले आहेत.

बाळंतपणानंतरच्या धुरीवर मात्र माझी आणि आजीची जुंपली. निखाऱ्यांवर ओवा, लसणीची सालं, ऊद टाकून बंद खोलीत बाळाला आणि बाळंतिणीला धूर द्यायचा, चाळीस दिवस. आजीच्या दृष्टीने त्यावाचून मूल धरतच नाही. तडजोड अशी झाली: शेक द्यायचा, पण निखारे बाहेर पेटवून धूर ओसरल्यावर आत आणायचे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला. खिडकी उघडी. आजी म्हणाली, "वास आला म्हणजे झालं." मी ते मान्य केलं.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी पुन्हा थांबल्या. जावेचं बाळ ऑगस्टमध्ये झालं, पूर्ण दिवसांचं, २ किलो ९०० ग्रॅम. दीड वर्षाचं असताना मी त्याला तपासलं तेव्हा सगळं वयाप्रमाणे होतं. आजीने विचारलं, ही तुझ्या भाणाची करामत का? मी म्हटलं, आजी, एका बाळावरून सांगता येत नाही. ती म्हणाली, बाबूच्या वेळीही तू हेच म्हणालीस.

त्यानंतर

बाबू २०२४ मध्ये आठवीत गेला. वाचतो चांगलं. गणितात लांबलचक उदाहरण आलं की अजूनही मधली पायरी गाळतो, म्हणून कडेला कच्चं काम लिहून ठेवायची सवय लावली आहे. खिशात छोटी वही असते. ट्रक विकला गेला, बाप बसवर चालक आहे.

त्याच वर्षी डिचोली तालुक्यात लिलाव झालेल्या पट्ट्यावर काम सुरू झालं आणि पट्ट्यातल्या रस्त्यांवर ट्रक परत दिसू लागले. जावेला आता गाडा टाकायचा होता. तिने मला फोन करून विचारलं, कुठे टाकू?

मी म्हटलं, काट्यापासून लांब. ट्रक इंजिन बंद करून उभे राहतात तिथे, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला.

"तिथं रांग नसते, ताई," ती म्हणाली. "रांग नसली तर चहा कोण पिणार?"

गाडा तिने वळणापलीकडे टाकला आहे, काट्यापासून चालत पाच मिनिटांवर. सकाळी थोरली बसते, दुपारी ती. भजी उरतात.